बुटांत कोथिंबीर

मी एक स्पॅनिश गोष्टीचं पुस्तक बोलतोय. हो, मराठीतच! इतकी वर्षं मृणालिनीताईंच्या घरात काढली. वाण नाही, पण गुण लागतोच.

छापला गेलो स्पेनमध्ये. पुण्यात स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या आल्या म्हणून ताईंना बक्षीस मिळालो. तेव्हा त्या मला उशाशी घेऊन झोपत. पुढे ताईंच्या नवऱ्याच्या, सुजीतरावांच्या नोकरीपायी सगळे दुबईला आलो, सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीत बाराव्या मजल्यावर, आणि मी गेलो प्रिंटरखाली. पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. प्रिंटर खडखडला की वाटायचं, आता मला काढतील, उघडतील. कसलं काय!

डिसेंबरात सुजीतराव म्हणाले, "मृणाल, हे बुक कोण वाचतं गं? डोनेशन बॉक्समध्ये टाक ना."

"शनिवारी फ्लोअरवरच्या मुलांना वाचून दाखवते. नाही रमली, तर खलास. मीच टाकीन."

माझं तर पानन् पान धास्तावलं.

शनिवारी सकाळी सहा मुलं जमली. माझ्यातली गोष्ट तीन राजांच्या सणाची. सहा जानेवारीला ते उंटांवरून भेटी घेऊन येतात. मुलं त्यांच्यासाठी खिडकीपाशी बूट मांडतात आणि उंटांना गवत ठेवतात. ताईंनी सीरियलच्या खोक्यांचे मुकुट कापून दिले. गवत कुठून आणायचं? लॉनला हात लावला की सिक्युरिटी ओरडते. मग कोथिंबिरीची जुडीच कामी आली. खिडकीखाली बारा बूट मांडून, त्यांत कोथिंबीर खोचून मुलं मुकुट रंगवायला बाल्कनीत पळाली. ताईही त्यांच्यामागे गेल्या.

एवढ्यात सुजीतराव जिममधून आले. घरात पायताण दिसलं की त्यांच्या मस्तकात तिडीक जाते. पुटपुटत त्यांनी सगळे बूट दाराबाहेर नेऊन ठेवले आणि आंघोळीला गेले. कॉरिडॉरमध्ये काही ठेवायचं नाही, हा बिल्डिंगचा नियम. सफाईवाल्याने दहा मिनिटांत ते उचलून खाली सिक्युरिटीकडे नेले.

मुलं परतली, तर खिडकी रिकामी!

"द कॅमल्स एट अवर शूज!" शेजारची एमान किंचाळली. छोट्या रुहानने भोकाड पसरलं. ताईंनी मला मिटलं.

"खलास," त्या म्हणाल्या. माझा जीव टांगणीला लागला.

पण एमानने मला हिसकावून घेतलं. "वेट, आंटी! डू कॅमल्स ईट शूज? व्हॉट डझ द बुक से?"

सहा डोकी माझ्यावर वाकली. गोंदाने चिकट झालेली बोटं पानापानांवर उंट शोधू लागली. ताई आधी स्पॅनिशमध्ये वाचायच्या, मग हिंदीत, मध्येच मराठीत. पान संपलं की मुलं ओरडायची, "अगेन!" किती वर्षांनी मला ताईंचा तो वाचनाचा आवाज ऐकू आला! शाई पसरेल म्हणून रडलो नाही, इतकंच.

गडबड ऐकून सुजीतरावांना आपली चूक उमगली. ते ओल्या केसांनीच खाली धावले आणि सिक्युरिटीकडून बूट घेऊन आले. उंबऱ्यावर क्षणभर थबकले. मग आत येऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी एकेक जोड खिडकीखाली मांडला. शेवटी आपले ऑफिसचे बूटही आणून ठेवले.

"ह्यात पण घाल थोडी," ते हळूच म्हणाले. ताई डोळे पुसत हसल्या.

आता मुलं निघाली आहेत. एमान मला छातीशी धरून विचारतेय, "आंटी, कॅन आय टेक इट होम?"

ताईंचा हात माझ्यावरून निघत नाहीये. द्या मला, ताई. तिच्या घरी दूध सांडेल, पानं दुमडतील, एखादा उंट फाटेल. फाटू दे. मला वाचून वाचून फाटायचंय.