तळाशी बसलेले पाणी

दुकानदाराने काउंटरवर सातवी बाटली ठेवली, तेव्हा मौनीला वाटले, की आता इथेच फतकल मारून बसावे आणि कुणीतरी येऊन आपल्याला उचलून न्यावे.

"ही ताकद वाढवते. ही इंजेक्टर साफ करते. ही थंडीत डिझेल गोठू देत नाही. ही धूर कमी करते. आणि ही सगळंच करते," दुकानदार म्हणाला.

"सगळंच म्हणजे?"

"म्हणजे धड काहीच नाही. पण खपते सगळ्यांत जास्त."

खिशातला फोन पुन्हा थरथरला. भाऊजी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीचे यजमान; धंदा शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचा, पण जगातल्या प्रत्येक यंत्राचे आपण जावई आहोत अशा थाटात बोलत. "अरे, पिवळ्या झाकणाचीच घे! मी सांगतो ना!" मागून वडिलांचा, अप्पांचा, आवाज आला, "औषध माणसाला देतात, गाडीला नाही. सांगा त्याला." मौनी "हं" म्हणाला. हे "हं" कुणाला होते, हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. लहानपणापासून घरात त्याला मौनी म्हणत, ते उगीच नव्हे.

त्याच्या पिकअपमधून रोज सकाळी अंडी उबवण्याच्या केंद्रातून एका दिवसाची पिल्ले शेडवर जात. खोक्यांच्या भोकांतून येणारा तो बारीक, अखंड चिवचिवाट त्याला आवडे; त्यात उत्तर द्यावे लागत नसे. पण या महिन्यात गाडी दोनदा चढावर मध्येच बंद पडली होती. दुसऱ्या खेपेला केंद्रातल्या मॅनेजरबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या होत्या, "पिल्लं थांबत नाहीत. तिसऱ्यांदा असं झालं, तर फेरी दुसऱ्या गाडीला देईन." त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. उद्या साडेसहाला पुन्हा खोकी भरायची होती.

"फिल्टरमध्ये काय निघालं?" दुकानदाराने विचारले.

"पाणी."

"मग आधी बोलायचं की हो! सात बाटल्या काढायला लावल्यात." त्याने सातही बाटल्या कोपराने बाजूला सारल्या आणि आणखी दोन मांडल्या. "पाण्यासाठी जाती दोन. पिवळ्या झाकणाची पाणी डिझेलमध्ये मिसळून टाकते. थेंबभर असेल तर जळून जातं. निळी पाणी वेगळं करते, तळाशी बसवते. सकाळी टाकीखालचा बोल्ट सैल करायचा, पाणी सोडून द्यायचं. फक्त दोन्ही एकदम टाकू नका. एक म्हणणार एकत्र नांदा, दुसरी म्हणणार वेगळे व्हा. टाकीत नुसतं पांढरं दूध होईल."

मौनीने निळी बाटली घेतली, आणि एक नवा फिल्टर. जे नको ते तळाशी निवांत बसावे आणि मग कुणाला न दुखवता काढून टाकता यावे, ही कल्पनाच त्याला फार दिलासा देणारी वाटली.

"पण पाणी येतंय कुठून, ते बघितलंत का?"

"बघतो," तो म्हणाला.

ते त्याला महिनाभर ठाऊक होते. पाणी येत होते परसातल्या ड्रममधून. ड्रम उघड्यावर उभा असे, वरचा पत्रा मध्ये खचलेला. त्यात दव साचे, पावसाचे पाणी साचे आणि झाकणाच्या झिजलेल्या रबरातून गुपचूप आत उतरे. पण तो ड्रम अप्पांचा होता. बावीस वर्षे पिकअप चालवून, नजर अंधूक झाली तेव्हा त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली होती, एक अक्षर न बोलता. त्यानंतर एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवले: रोज संध्याकाळी ड्रममधून हातपंपाने डिझेल काढायचे, नरसाळ्यावर फडके धरायचे आणि टाकीत ओतायचे. पेट्रोल पंपावरचे डिझेल थेट टाकीत घेणे म्हणजे त्यांच्या मते आळस. ओतताना ते मान कलती करून आवाज ऐकत, आणि तेवढा वेळ गाडी पुन्हा त्यांची होई. ते काम त्यांच्या हातून काढून घेणारे वाक्य मौनीने मनात कितीदा रचले होते. ते कधीच नीट जुळले नाही. बाटली मात्र विकत मिळत होती.

संध्याकाळी अप्पा आत गेल्याचे पाहून त्याने निळी बाटली टाकीत रिकामी केली. कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर जेवण होईपर्यंत वाद, आणि भाऊजी असल्यामुळे जेवणानंतरही.

पहाटे पाचला तो गाडीखाली सरकला. बोल्ट सैल केला. खाली ठेवलेल्या परातीत आधी स्वच्छ पाणी यायचे होते, मग सोनेरी डिझेल. आले ते दूध. गढूळ, पांढरे, थांबायचे नाव न घेणारे दूध. तो उताणा पडल्या पडल्या त्या धारेकडे बघत राहिला. आपल्या गप्प बसण्याला रंग असता तर तो हाच असता, असे त्याला वाटून गेले.

बाहेर येऊन त्याने परसात आलेल्या अप्पांना विचारले, "टाकीत कुणी काही टाकलं?"

अप्पांनी फडके झटकले. "भाऊजींनी दिलेली बाटली. पिवळी. झोपायच्या आधी."

"तुम्ही? तुम्ही तर म्हणत होतात, गाडीला औषध नसतं!"

"नसतंच. पण तू काळजीत दिसलास. तुला सांगितलं असतं तर तू ते तोंड केलं असतंस."

"कोणतं तोंड?"

"हेच."

जिन्यावरून भाऊजी घाईघाईने उतरले. "अप्पा, तुम्ही टाकलीत? मला वाटलं तुम्ही हट्टाने टाकणार नाही. म्हणून मीपण एक..."

"दोन पिवळ्या," मौनी म्हणाला. "आणि माझी एक निळी."

वरच्या खिडकीतून ताईने डोके बाहेर काढले. "तिघांनी एकमेकांना विचारलं असतं, तर जिभेला फोड आले असते का?"

मौनीच्या आत काहीतरी तुटले. "पाणी ड्रममधून येतंय!" तो ओरडला. स्वतःच्या आवाजाने तोच दचकला, पण आता थांबणे शक्य नव्हते. "ड्रमचं झाकण गेलंय, अप्पा! महिनाभर आपण पाणी भरतोय! रोज फडकं लावून, कान देऊन, पाणी! जगातली कुठलीही बाटली त्याला पुरी पडणार नाही. आणि आज फेरी गेली तर ती या ड्रमपायी नाही, माझ्यापायी जाईल, कारण मला माहीत होतं!"

अप्पा ड्रमपाशी गेले. खचलेल्या पत्र्यावर त्यांनी तळवा ठेवला. तो ओला झाला. ओल्या हाताकडे ते दिसेल तेवढे बघत राहिले.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "स्कूटर काढा. पंपावरून दोन कॅन ताजं डिझेल. आणि वाटेत कुठलीही बाटली घ्यायची नाही."

पुढचा तासभर कुणी सल्ला दिला नाही. टाकी रिकामी झाली. ताज्या डिझेलने ती एकदा खळबळून घेतली आणि उरलेले डिझेल भरले. मौनीने नवा फिल्टर बसवला. मग नळीतली हवा काढायला त्याने फिल्टरवरचा छोटा हातपंप मारायला सुरुवात केली, तेव्हा अप्पांनी त्याचे मनगट बाजूला केले आणि स्वतःचा अंगठा ठेवला.

"थांब. अजून हवा आहे." मान कलती. सात-आठ दाब. "अजून आहे." आणखी चार. "हं. आता स्टार्टर मार."

गाडी दोन आचके देऊन सुरू झाली. न विचारता अप्पा शेजारी चढून बसले.

सहा अठ्ठावीसला ते केंद्राच्या फाटकात होते. मॅनेजरबाईंनी घड्याळ पाहिले, गाडीखालचे ओले डाग पाहिले, मौनीच्या तोंडावरचे काळे पाहिले आणि फक्त म्हणाल्या, "भरा."

चढावर खोकी चिवचिवत होती. ज्या वळणावर गाडी दोनदा थांबली होती तिथे अप्पांचा हात डॅशबोर्डवर गेला आणि वळण मागे पडेपर्यंत तिथेच राहिला.

"महिनाभर माहीत होतं तुला?"

"हो."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

मौनीने गिअर बदलला. "ते काम तुमचं होतं, अप्पा."

अप्पांनी मागच्या खोक्यांकडे एकदा वळून पाहिले.

"उद्यापासून डिझेल पंपावर," अप्पा म्हणाले. "पण भरताना नळीपाशी मी उभा राहणार. ती पोरं कशी भरतात, देव जाणे. फडकं घेऊन येईन."

पंपावरची रांग, मागून वाजणारे हॉर्न आणि नळीवर फडके धरून उभे असलेले अप्पा मौनीच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याच्या छातीतून एक लांब सुस्कारा निघाला. "हं" त्याच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्याने गिळले.

"उभे राहा," तो म्हणाला. "फडकं घरी ठेवा."