गडावरून कोपी दिसते का

कीर्तनात मी नेहमी पहिल्या रांगेत असतो, टाळ गळ्यात अडकवून. बुवांनी नुसतं चरण उचललं तरी माझे डोळे भरून येतात. पण गेल्या माघातल्या एकादशीला सोनपेठच्या आमच्या देवळात मी खांबाआड जागा धरली होती. नेमकं त्याच दिवशी बुवांनी मला नाव घेऊन पुढं बोलावलं.

हे सांगायचं तर पौषातल्या सहलीपासून सांगावं लागेल.

आमच्या भजनी मंडळानं पश्चिम महाराष्ट्र बघायचं ठरवलं होतं. वाई, मेणवली, माहुलीचा संगम, सज्जनगड. मी तहसीलमधला निवृत्त कारकून, त्यामुळे कुठं किती वेळ थांबायचं याचा कागद माझ्याकडंच आला. निघायच्या आदल्या दिवशी आश्रुबा काठी टेकत घरी आला. आश्रुबा म्हणजे आमच्या मंडळाचा पखवाजी. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, अठरा हंगाम वाईकडं ऊस तोडला. तीन वर्षांपूर्वी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तो घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आता कोयता पोराच्या, आदिनाथच्या हातात आहे.

"अण्णासाहेब, तुमच्या कागदात वैराटगड हाय का?"

"नाही. वाईजवळच आहे, पण तिथं फारसं कोणी जात नाही."

"मग घाला की. माझ्यासाठी."

मी चष्मा काढला. तो जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"तेच्याच पायथ्याला आमची टोळी उतरायची. कालव्याच्या कडंला पाचटाच्या कोप्या, वर ताडपत्री. अठरा साल रोज पहाटं कोयता पाजळताना समोर गड. एक डाव वर जावं म्हणलं तर मुकादम म्हणायचा, आश्रुबा, सहलीला आलास का ऊस तोडायला? ऱ्हाऊनच गेलं. मला लय काय नको. वरून आमची कोपी दिसती का, तेवढं बघून सांगा. आता आदिनाथ तिथंच उतरलाय."

"एवढंच?"

"एवढंच. झुंबर म्हणायची, वर बसल्याला देवाला आपुन दिसत असू का नुसता ऊसच दिसत असंल?" तो हसला. "तुमी देवाच्या जागंवरून बघा."

मी कागदावर वैराटगड लिहिला. डोळ्यात तेल घालून बघतो, असंही म्हणालो.

सहल छान झाली. वाईच्या ढोल्या गणपतीपुढं आम्ही भजन म्हटलं. मेणवलीच्या घाटावर मी पेशवाईचा इतिहास सांगितला. कृष्णेचं पाणी इतकं गार, की चूळ भरली तरी दात ठणकले. तिसऱ्या दिवशी वाईत पोटभर जेवून दुपारी गडाच्या पायथ्याला आलो. ऊन चढलेलं, वाट उभी. पाऊण तासात मी पहिल्या सोंडेवर बसलो आणि म्हणालो, गुडघा धरला.

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. पोट जड झालं होतं आणि झोप येत होती, एवढंच. मी खाली उतरलो आणि मारुतीच्या पारावर उपरणं डोक्याखाली घेऊन झोपलो. आदिनाथची कोपी तिथून मैलभरावर असेल. तिथंही गेलो नाही. सज्जनगडाची संध्याकाळची आरती चुकेल, असं मनाला सांगितलं. देवाचं नाव पुढं केलं की मन लवकर गप्प बसतं.

बाकीची मंडळी चारला उतरली. ओमप्रकाश गुरुजींच्या फोनात गडावरचे चाळीस फोटो होते, एकोणचाळीसांत ते स्वतः. चाळिसाव्यात एक शेळी.

घरी आलो त्याच दिवशी आश्रुबाकडं गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तो ओसरीवर पखवाजाला कणीक लावत बसला होता. मला बघून त्यानं पखवाज बाजूला ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, पोथी ऐकायला बसतात तसे.

"दिसली का?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "दिसली की."

एकदा निघालं ते थांबेना. कालवा चांदीच्या तारेसारखा, कोप्यांतून चुलीचा धूर, दोरीवर वाळत घातलेलं तांबडं लुगडं. आश्रुबा डोळे मिटून ऐकत होता. झुंबरबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अन् ती चिंच, अण्णा?" झुंबरबाईनं विचारलं. " कोप्यांच्या मागली. आदिनाथची झोळी तिलाच बांधायचो."

"चिंच तर आधी दिसली. केवढा घेर."

"बघ झुंबर," आश्रुबा म्हणाला, "मी म्हणत न्हवतो?"

तिनं चहा माझ्यापुढं ठेवला. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत पोचवायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ती चिंच दोन साल झाले तोडली, रस्ता रुंद करताना. आदिनाथ म्हणला व्हता. ह्येंना सांगितलं न्हवतं. जीव व्हता तेंचा तिच्यावर." फाटकाची कडी लावून ती आत गेली.

त्यानंतर महिनाभर मी त्या गल्लीनं गेलो नाही. भजनाला गेलो की पखवाजाकडं पाठ करून बसायचो. आश्रुबा मात्र ज्याला त्याला सांगत सुटला होता. मग एकादशी आली. त्यानं कीर्तनाआधी बुवांच्या कानावर घातलं आणि बुवांनी त्याचा दृष्टांतच केला. म्हणाले, "याचे पाय थांबले, तर मित्रानं आपले डोळे उसने दिले. संत आणखी वेगळं काय करतात?" मला पुढं बोलावलं. बुक्का लावला, गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पखवाजावर आश्रुबा, तोंडभर हसत. बायकांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत झुंबरबाई. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आयुष्यभर कीर्तनं ऐकली. त्या दिवशी विठ्ठलाच्या पायाकडंही मला बघवेना.

सकाळी झुंबरबाई दळण घेऊन जाताना भेटली. मी हात जोडले.

"हार शोभत व्हता, अण्णा."

"मी आज आश्रुबाला सगळं सांगतो."

"काय सांगणार? बघितलं न्हाई म्हणून? तेनं तेंचं काय भागंल?" तिनं डबा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला. "न बघता लय सांगितलंत. आता बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी एसटी धरली. गाड्या बदलत साताऱ्याला मुक्काम केला आणि भल्या सकाळी, उपाशीपोटी, वैराटगड चढायला लागलो. दर वीस पावलांवर थांबत, पण चढलो. वर पोचलो. खाली बघितलं तर सगळं हिरवंगार आणि धूसर. कुठं काय, काही कळेना. फोन लावला.

"आश्रुबा, मी वैराटगडावर आहे."

"परत?"

"पहिल्यांदाच. मागं मी वर आलोच नव्हतो. पारावर झोपलो होतो."

 फोनात त्याच्या अंगणातली शेळी तेवढी ओरडत होती.

"मग ते लुगडं?"

"रचलेलं."

"अन् चिंच?"

"चिंच तोडली म्हणे, दोन वर्षं झाली. झुंबरबाईला ठाऊक आहे."

 त्यानं फोन ठेवला असं वाटलं, पण मी कानाचा काढला नाही.

"धूर बरा रचला व्हता," तो म्हणाला. आवाज कोरडा होता. मग खाकरला. "आता हायव ना वर? बघा मग. कालवा धरा आधी. पाण्याची रेघ."

"धरला."

"तेच्या अंगानं या. पूल."

"आला."

"पुलापसून देवळाचं शिखर. मी खालून सांगायलोय, तुमी वरून बघायलाव, तवा डावं-उजवं उलटं धरा."

मी उलटं धरलं. शिखर सापडलं. त्याच्या पलीकडं, मोकळ्या रानात, निळे ठिपके. ताडपत्र्या.

"आश्रुबा, दिसल्या."

"किती?"

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चार."

"टोळीच्या पाच कोप्या हायती. पाचवी उसाकडच्या अंगाला. ती आदिनाथची."

मी डोळे चोळले, चष्मा पुसला, दगडावर चढून बघितलं. मधे उभा ऊस. पाच म्हणायला काय लागत होतं? तो शब्द अगदी जिभेवर आला होता.

"चारच दिसतात. पाचवी उसाआड आहे."



"म्हंजी तिकडला ऊस आजून उभा हाय," आश्रुबा म्हणाला. "तोडला की दिसंल. आठ दिसांचं काम हाय. तवर दिसली म्हणून कुणाला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो.