लाइन तुटल्यावर

शिवम मस्कतला एका बांधकामावर वायरिंगची कामं करायचा. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात, काम करता करता छाती धरून तो खाली बसला आणि उठलाच नाही. विमानं बंद होती. देह गावी, उंद्रीला आणता येणार नव्हता, अग्नी तिथंच द्यायचा ठरला. त्याच्या खोलीतल्या केरळच्या सोबत्यानं मोडक्या हिंदीत फोनवर एवढंच सांगितलं, की मी मोबाइलवरून सगळं दाखवतो, तुम्ही घरून बघा.

पण घरी बघायचं कशावर? शिवमचे वडील महादेवराव यांच्याकडे बटणांचा साधा फोन. आई अन्नपूर्णाबाई मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवर, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख लॉकडाऊननं खाल्ली होती.

महादेवराव गावाच्या दुसऱ्या टोकाला समताच्या घरी गेले. बसस्टँडवर तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, तेही बंदच पडलेलं. शिवम शाळेत तिच्या एक वर्ग पुढं होता.

"माह्या मोबाइलवर दाखवते ना काका," ती म्हणाली.

"तिले मोबाइलवर काही दिसत नाही, पोरी. मोठा पडदा पाहिजे म्हनते. शिवमचं कॉम्प्युटर हाये घरी. त्याचं ते नेटचं मोडेम बी हाये."

समता तोंडाला रुमाल बांधून निघाली. एकाच गावात जन्म गेला, पण त्या घराच्या उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदाच आली होती. अन्नपूर्णाबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. "ये बाई. इथं खाटीवर बस माह्यापाशी."

कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. धूळ झटकल्यावर तो कुरकुरत सुरू झाला. मोडेम बोटाएवढं, पेन ड्राइव्हसारखं. आतलं शिवमचं सिम केव्हाच बंद पडलेलं. समतानं आपल्या मोबाइलमधलं सिम काढून त्यात घातलं. पडद्यावर जुनं कनेक्शन आलं, त्याला नाव दिलेलं होतं 'शिवम'. कंपनी वेगळी, म्हणून सेटिंग बदलणं भाग होतं.

"काय करून राह्यली?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"जुनं कनेक्शन बदलून राह्यली काकू. शिवमनं भरलेलं आता चालत नाही."

"त्यानं भरलेलं पुसू नोको."

समताचा हात माउसवर थांबला. ते तसंच ठेवून तिनं शेजारी नवीन कनेक्शन तयार केलं. डायल करायचा नंबर टाकला, कंपनीची सेटिंग भरली, बटण दाबलं. जोडलं गेलं नाही. भरलेलं एक अक्षर चुकलं होतं, ते नीट केलं. मग जोडलं गेलं, पण दगडमातीच्या जाड भिंतींच्या आत रेंज इतकी कमी की साधं पानही उघडेना. तेव्हा तिनं मोडेमला लांब वायर लावली, ती खिडकीतून बाहेर काढली आणि मोडेम बांबूच्या टोकाला बांधलं.

"मी धरतो बांबू," महादेवराव म्हणाले. "मले आत नाही बसवत."

"निळा लाइट असला म्हंजे लाइन चालू, काका. लाल झाला तं बांबू जरासा फिरवा."

ते अंगणात भर उन्हात बांबू धरून उभे राहिले.

सोबत्यानं महादेवरावांच्या फोनवर मेसेजनं पाठवलेली लिंक समतानं टाइप केली आणि चित्र आलं. हलणारं, तुटक. "बहन, गाड़ी आ गया," त्याचा आवाज आला. लोखंडी फाटक दिसलं. फाटकापलीकडं ॲम्ब्युलन्स. पांढऱ्या पीपीई सूटमधली माणसं. त्यांनी काहीतरी गुंडाळलेलं बाहेर काढलं.

अन्नपूर्णाबाईंना पडद्यावर नुसता उजेड दिसत होता. त्यांनी समताचं मनगट घट्ट धरलं. "सांग ना बाई. तोंड दिसते का त्याचं?"

चित्राचे चौकोन झाले. मग पडदा करडा झाला आणि लाइन तुटल्याची पाटी आली. समतानं पुन्हा डायल केलं. पुन्हा. लागलं नाही.

"दिसते का वं?"

"हो काकू. दिसून राह्यलं."

"कसं हाये?"

"झोपल्यावानी. दाढी केलेली हाये. केस इंचरले हायेत."

"कोनी हाये का त्याच्यापाशी?"

"लय जन हायेत. सोबती रडून राह्यला. हार घातला... आता पानी पाजून राह्यले तोंडात. तुमच्या नावानं, काकू."

बाहेर लाइट लाल झाला होता. महादेवरावांनी बांबू फिरवून पाहिला, उंच केला, शेवटी सांगायला खिडकीशी आले. त्यांना करडा पडदा दिसला, आणि त्याच्यासमोर बसून बोलत असलेली समता. दोघांची नजरानजर झाली. ते मागं गेले आणि बांबू धरून पुन्हा उभे राहिले, मोडेमचा लाइट लालच असताना.

"झालं काकू," बऱ्याच वेळानं समता म्हणाली. तेव्हा कुठं अन्नपूर्णाबाईंनी तिचं मनगट सोडलं आणि मोठ्यानं गळा काढला.

घरी जाऊन समतानं सिम परत मोबाइलमध्ये टाकलं आणि त्या सोबत्याला फोन लावला. त्यानं सांगितलं, कोरोनाच्या नियमामुळं कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. तो स्वतः फाटकाबाहेरच होता. देहाची पिशवी उघडली नाही. हार नव्हता. समतानं ते कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर अस्थी आल्या. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, अन्नपूर्णाबाई काठीनं चालू लागल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगत, माह्या लेकराले हार घातला, पानी पाजलं, समतानं डोळ्यानं पाह्यलं. महिन्या-दोन महिन्यांनी त्या समताला बोलावून घेत आणि पुन्हा सगळं ऐकत. समता सांगायची. एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायची नाही.

एकदा ती निघाली, तर महादेवराव गोठ्यापाशी थांबलेले. म्हणाले, "मलेबी सांग ना कधी."

समता चरकली. "काका, तुमाले तं ठावं हाये. लाइन..."

"ठावं हाये."

"त्या पोराले मी नंतर विचारलं व्हतं. खरं काय झालं ते सांगू?"

त्यांनी मान हलवली. "नाही पोरी. तिले सांगतं तेच."

ते गोठ्याच्या ओट्यावर बसले. समता त्यांच्याशेजारी बसली आणि दाढीपासून सांगायला लागली.