पाठ फिरवून बसा, काका

मागच्या वर्षी कानतपासणीच्या प्रॅक्टिकलला शाहेंदाने हेडफोन उलटे लावले, उजव्या कानाचा बहिरेपणा डाव्याच्या गळ्यात मारला आणि थाटात नापास झाली. यंदा पुन्हा आपटली तर चुलतभाऊ वाएलच्या वर्गात बसायचं. तो कार्टा आताच तिला ‘आजीबाई’ म्हणायला लागला होता.

कानाच्या तपासणीला ज्याने त्याने आपला माणूस आणायचा, असा त्यांच्या विभागाचा नियम. बाकीच्यांनी बहिणी आणल्या. शाहेंदाने खालच्या मजल्यावरचे बदावीकाका आणले, कारण ते रिकामे होते आणि नाही म्हणणं त्यांना जमत नसे. जन्म सगळा तांब्याची भांडी ठोकण्यात गेलेला.

“माझे कान ठणठणीत आहेत,” काका वाटभर सांगत होते. “लोकच हल्ली पुटपुटतात. आमची नात लुलू तर नुसते ओठ हलवते. या कैरोचं पाणीच बिघडलंय.”

परीक्षक डॉक्टर लुत्फी ‘आलोच’ म्हणून कॉफी प्यायला गेले, म्हणजे आता निवांत.

तपासताना माणसाला पाठमोरं बसवायचं, हे पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याला आईने वळण लावलं नसावं. मायक्रोबसमध्ये पुढच्या सीटवर बसताना, पाठ झाली म्हणून मागच्याची माफी मागणारी ही कैरोची माणसं! पिकल्या मिशांच्या काकांना ‘माझ्याकडे पाठ करा’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने त्यांना समोर बसवलं आणि हेडफोन चढवले. यंदा सुलटे.

“पुसटसा सूर जरी ऐकू आला तरी हात वर करायचा, काका.”

तिने बटण दाबलं. हात वर. आवाज कमी केला. हात वर. आणखी कमी केला, तरी हात वर! ऐकण्याचा आलेख असा काही सरळ आला, की कॉलेजच्या पोरांनी लाजावं. शाहेंदा हवेत होती. मनातल्या मनात तिने वाएलला दोन टोमणे मारूनसुद्धा घेतले.

तेवढ्यात तिचं नाक खाजलं. ती खाजवते न खाजवते तोच काकांचा हात वर.

बटणावरचं बोट तिने काढलं. तिने नुसतीच भुवई उडवली. हात वर.

“काका!” तिने त्यांचे हेडफोन काढले. “खरंच ऐकू येतंय का?”

“तू घाबरलेली दिसलीस, पोरी,” काका तिच्या ओठांकडे बघत म्हणाले. “तू जरा हललीस की हात वर करत होतो, तुझा चेहरा खुलायचा. म्हटलं, उगाच तुझे मार्क जायला नकोत.”

आलेख तयार होता. लुत्फी न बघता सही ठोकणारा माणूस. कागद पुढे सरकवला की सुटली. पण मग काकांच्या घरात लुलू जन्मभर पुटपुटतच राहणार. शाहेंदाने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि कागद फाडला.

“काका, पाठ फिरवून बसा.”

“का? माझं काय चुकलं?” काकांच्या मिशा थरथरल्या. “तुझ्या बापाच्या लग्नातली पातेली माझ्या हातची, आणि मलाच भिंतीकडे तोंड?”

तिने माफी मागत त्यांच्या डोक्याचा मुका घेतला, हेडफोन परत चढवले आणि खुर्ची फिरवली.

जाडे सूर त्यांना ऐकू आले, हात ताडकन वर गेला. मग ती बारीक, वरच्या पट्टीतल्या सुरांवर आली. हात गुडघ्यावर. आवाज वाढवला, हात गुडघ्यावरच. शेवटी इतका वाढवला, की हेडफोनमधून सुटलेली शिट्टी तिला स्वतःला ऐकू यायला लागली.

“सुरू केलंस का, पोरी?” काकांनी भिंतीला विचारलं.

दारात लुत्फी कप घेऊन उभे होते. त्यांनी शिट्टी ऐकली, काकांचा हात बघितला, केराच्या टोपलीतला फाटका आलेखही बघितला.

“पास,” ते म्हणाले आणि आवाज न करता निघून गेले.

ज्या शब्दासाठी वर्षभर जीव टांगला होता तो मिळाला, आणि शाहेंदाला रडूच फुटलं. तिने डोळे पुसले, काकांच्या समोर जाऊन बसली, हेडफोन काढले.

“काका, लुलू पुटपुटत नाही हो.”

काका तिच्या ओठांकडे बघत राहिले.

“मग ती इतके दिवस मला काय सांगत होती?”