दुहेरी कापडाचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकातला नव्हे, हं! तसलं भाग्य माझ्या वाट्याला कुठलं? मित्रांनो, मी एका लहानशा दवाखान्यातला पडदा. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. दाराशी रोग्यांची बाकं, मध्ये डॉक्टरांचं टेबल आणि कोपऱ्यात तपासायचा पलंग. त्या पलंगाभोवती लोखंडी दांडीवर मी लोंबत असे.

माझा जन्म चौकातल्या शिलाईच्या दुकानात झाला. तिथे मशीनवर एक नवी नवरी बसायची. तिची शिलाई इतकी सरळ, की सगळे तिला शिवणताई म्हणत. एके दिवशी म्हातारे डॉक्टर स्वतः कापड घेऊन आले आणि म्हणाले, "शिवणताई, पडदा दुहेरी कापडाचा शिव. आतलं बोलणं बाहेर जाता कामा नये."

शिवणताई खळखळून हसली. "अहो डॉक्टर, कापडाने आवाज थांबला असता तर मी पहिला पडदा माझ्या सासूबाईंच्या खोलीला नसता का शिवला?"

डॉक्टरही हसले. "थांबत नाही गं, ठाऊक आहे मला. म्हणून तर मी आत जाऊन बोलतो. पण जेवढा अडेल तेवढा अडू दे."

तिने मला दुहेरी शिवलं. खालच्या दुमडीला टाके जरा जास्तच घातले, म्हणजे मी वाऱ्याने उडू नये. माझ्या अंगावर तिचा हात असा फिरलेला आहे, मित्रांनो. म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

म्हाताऱ्या डॉक्टरांच्या काळात मी खरोखर सुखात होतो. दवाखान्यात सर्दी-खोकला तर यायचाच, पण काही माणसं वेगळीच यायची. अंग चोरून बसायची, आपला नंबर मागच्याला देऊन टाकायची. "पोट दुखतंय" म्हणायची आणि बोलता बोलता गप्प व्हायची. डॉक्टरांना लगेच कळायचं. ते उठायचे, आत येऊन स्टुलावर बसायचे, मला नीट ओढून घ्यायचे आणि अगदी कानाशी बोलल्यासारखे बोलायचे. ते बोलणं मी इतक्यांदा ऐकलं, की मला पाठच झालं.

"हे बघ, घाबरू नकोस. हा नाजूक जागेचा आजार आहे आणि तो औषधाने बरा होतो. पण त्याची तपासणी माझ्याकडे होत नाही. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या फाटकाने जा. औषधांच्या खिडकीशेजारी जिना आहे. वर गेल्यावर पहिलीच खोली. तिथे एक डॉक्टरबाई बसतात. त्या रागावत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. मी त्यांना फोन करून ठेवतो. आणि जोडीदारालाही ने, नाहीतर एकाने औषध घ्यायचं आणि दुसऱ्याकडून पुन्हा लागायचं. कळलं?"

एक ट्रक ड्रायव्हर असाच गेला होता. बरा होऊन आला तो दारातूनच ओरडला, "डॉक्टर, तुम्ही पाठवलंत तिथे जाऊन आलो! एकदम ठणठणीत!"

"अरे हळू! पडदा तरी ओढू दे!" डॉक्टर म्हणाले. काय हसलो होतो आम्ही सगळे! म्हणजे मी आपला हललो.

मग म्हातारे डॉक्टर थकले आणि लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले. त्यांना वाईट म्हणू नका, मित्रांनो. माणूस हुशार, आजार अचूक ओळखणारा. पण बाकं माणसांनी भरलेली, आणि त्यांचा जेवणाचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच. ते आत येऊन तपासत, हात धुवायला बाहेर जात, खुर्चीवर बसत आणि उरलेलं सगळं तिथूनच मोठ्याने सांगत. त्यांची एक समजूत होती, की पडदा ओढला म्हणजे झालं. पडदा म्हणजे जणू भिंतच! मी डोळे अडवतो हो, कान कुठे अडवतो?

एका सकाळी शिवणताई आली. मी तिला लगेच ओळखलं. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण चेहरा पार उतरलेला. सोबत नणंद होती, ती बाकावर बसली. शिवणताई पलंगावर आडवी झाली आणि तिने माझी कड मुठीत धरली. तिने हलक्या आवाजात सांगितलं, की ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं आणि एवढी वाट पाहूनही मूल राहत नाही. नव्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी बरोबर ओळखलं, अगदी बरोबर.

मग ते हात धुऊन खुर्चीवर बसले.

मी मनातल्या मनात ओरडलो, 'उठा हो! स्टूल आत आहे, आत या!' पण पडद्याचं कोण ऐकतं?

"सिस्टर," डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "हिला गुप्तरोग विभागाची चिठ्ठी द्या. नवऱ्यालाही घेऊन जायला सांगा. उशीर केला तर मूल होणं अवघड होईल. पुढचा पेशंट!"

बाकांवरची कुजबुज एकदम थांबली. माझ्यावरची मूठ इतकी आवळली, की एक टाका तुटला. तिचाच टाका होता तो.

ती बाहेर आली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. नणंदेने विचारलं, "वहिनी, कसला विभाग म्हणाले गं डॉक्टर?"

"छे, मला नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले. मला पित्ताचा त्रास आहे."

"आत तर तू एकटीच होतीस."

शिवणताईने तिच्याकडे पाठ फिरवली. सिस्टरने दिलेली चिठ्ठी तिने दाराजवळच्या बादलीत कापसाच्या बोळ्यांखाली दडपली आणि ती निघून गेली. डॉक्टरांना वाटलं, आपलं काम झालं. पाठवलं होतं ना त्यांनी! पण ती पोचली का, हे कुणी विचारलंच नाही.

पुढे मी विटलो. नवा पडदा करायचं ठरलं आणि माप घ्यायला कोण आलं? शिवणताईच. टेप धरून ती वाकली आणि पोटात कळ आल्याने तशीच पलंगाच्या कडेला बसली. डॉक्टरांनी टेबलावरून विचारलं, "काय हो, तेव्हा पाठवलं होतं तिथे गेला होतात ना?"

बाकांवरच्या माना वळल्या.

"हो, गेले होते. काही नाही निघालं," ती म्हणाली.

"छान!" डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या रोग्याकडे वळले. मला रडता आलं असतं तर मी तिथेच भिजलो असतो.

मला टाकून देणार होते. "मी नेते, मशीन झाकायला होईल," असं म्हणून शिवणताई मला दुकानात घेऊन आली. आता मी तिच्या मशीनवर असतो. दिवसा ती मला घडी करून मांडीवर ठेवते आणि शिवते. गिऱ्हाइकांची झबली आली, की ती भराभर संपवते आणि लगेच नजरेआड करते. मध्येच थांबून पोट दाबते. नवरा भला माणूस आहे. संध्याकाळी दुकान बंद करायला येतो तेव्हा विचारतो, "दुखतंय का गं? डॉक्टरकडे जाऊ या का?"

"काही नाही हो, बसून बसून कंबर धरलीय."

तो बिचारा तिची कंबर चेपून देतो. त्यालाही औषधाची गरज आहे, हे त्याला कुठे ठाऊक? आणि मी तिच्या मांडीवर पडून असतो. फाटक, जिना, पहिली खोली, डॉक्टरबाई, सगळं मला तोंडपाठ आहे, मित्रांनो. पण तोंडच नाही. दिवसामागून दिवस जातात. अजूनही उशीर झाला नसेल, असं मी रोज स्वतःला सांगतो.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी डॉक्टर होईल, कुणी सिस्टर. तेव्हा पडद्यावर विसंबू नका. खुर्चीवरून उठा, आत या, हळू बोला आणि रोगी तिथे पोचला का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा.

पण तोवर माझं एक काम कराल? चौकातल्या शिलाईच्या दुकानात एक बाई बसते. तिची शिलाई फार सरळ आहे. तुमच्या आईला, मावशीला, ताईला तिच्याकडे पाठवा. आसपास कुणी नसताना तिच्या कानात एवढंच सांगायला सांगा: मोठ्या दवाखान्याचं मागचं फाटक, औषधांच्या खिडकीशेजारचा जिना, वरची पहिली खोली. तिथल्या डॉक्टरबाई रागावत नाहीत.