चकती फिरत होती, आवाज नव्हता

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे आणि बॅटरी कधीच संपली आहे, त्यामुळे वायर लावल्याशिवाय मी जागा होत नाही. मित्रांनो, माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पण आयुष्य गेले ते जावा बेटावर, मेरापी डोंगराच्या उतारावरच्या सेलो गावात. तिथे नृत्य शिकवणाऱ्या रत्मीबाईंनी मला घेतले. गाव त्यांना बू रत्मी म्हणते.

आठ वर्षे मी त्यांची पत्रे लिहिली, मुलींची हजेरी सांभाळली. मी मंदावलो तेव्हा शाळेतल्या संगणक शिक्षिका एंदांग यांनी माझ्यात लिनक्स ही हलकी प्रणाली बसवली आणि मी पुन्हा तरतरीत झालो. बू रत्मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "माझा हा म्हातारा अजून पळतो." मग एक पातळ, नवा लॅपटॉप आला. मी कपाटावर गेलो, आणि एके सकाळी भंगाराच्या पिशवीत.

त्याच सकाळी म्बाह विग्न्यो हातात गाण्याची एक चकती, म्हणजे सीडी, घेऊन आले. म्बाह म्हणजे आजोबा. गावच्या उत्सवातल्या नाचाचा ढोल त्यांच्याइतका कुणालाच येत नसे. पण अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला होता. दूध घालणारी तार्नी त्यांच्या जागी वाजवणार होती. उत्सवाला तीन आठवडे उरले होते, आणि त्यांचे वाजवणे फक्त या एका चकतीत होते. नव्या लॅपटॉपला चकती घालायची जागाच नव्हती. मला पिशवीतून बाहेर काढले.

मला फार आनंद झाला, पण तो टिकला नाही. बू रत्मींनी चकतीवरच्या फायली उघडायचा प्रयत्न केला आणि माझ्या पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली. मग त्यांनी गाणी वाजवायचा प्रोग्राम सुरू केला. चकती फिरू लागली, सेकंदही पुढे सरकू लागले, आवाज मात्र नाही. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला, मला दोन चापट्याही मारल्या. म्बाह चहाच्या पेल्याकडे पाहत राहिले.

शाळा सुटल्यावर एंदांग आल्या. गाण्याच्या चकतीवर फायली नसतातच, म्हणून ती तशी उघडत नाही, हे त्यांनी आधी सांगितले. मग माझ्यातलेच एक जुने गाणे लावून पाहिले. ते खणखणीत वाजले.

"म्हणजे याचा गळा ठीक आहे आणि चकतीही वाचली जातेय," त्या म्हणाल्या. "मधली वाटच नाहीये."

पूर्वीच्या संगणकांत चकतीच्या खणातून आवाज एका वेगळ्या तारेने येत असे. प्रोग्राम त्याच तारेची वाट पाहत होता, आणि माझ्यात ती तार कधी बसवलेलीच नव्हती. एंदांग यांनी प्रोग्रामला चकतीवर आकड्यांच्या रूपात साठवलेला आवाज सरळ वाचायला लावला. एक बारीक खरखर झाली, आणि ढोल वाजला.

म्बाहांचा डावा हात गुडघ्यावर ताल धरू लागला. बू रत्मींनी पदराने डोळे टिपले. एवढ्यात म्बाहांनी तोच हात वर केला.

"थांबव. इथे मी घाई केलीय. तार्नीला हे असंच शिकवलंस तर लोक मला हसतील."

"मग तुम्हीच बसा ना तिच्याजवळ," बू रत्मी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी येऊ लागले. मी वाजवायचो, ते थांबवायचे, तार्नी पुन्हा वाजवायची. उत्सवात तिने त्या जागी मुळीच घाई केली नाही. म्बाह पुढच्या रांगेत बसून तळलेले कसावा कंद खात होते.

आता मी टेबलावर असतो. चकतीची नक्कल माझ्यात आहे आणि नव्या लॅपटॉपमध्येही. मित्रांनो, एखादे जुने यंत्र गप्प झाले तर लगेच हात झटकू नका; आवाज कुठपर्यंत येतो आणि कुठे अडतो, ते शांतपणे शोधा. आणि तुमच्याकडे कुणाची एकच चकती असेल, तर तिची नक्कल आजच करा. जमले तर वाजवणाऱ्याला शेजारी बसवून ऐका. कुठे चुकले, ते फक्त त्यालाच माहीत असते.