खंडेनवमीचा इसावा

मी एक जुना जॅक आहे, गिअरबॉक्स उतरवणारा. मित्रांनो, टायर बदलायचा तो चिमुकला जॅक वेगळा. मला चाकं आहेत, वर रुंद ताटली आहे आणि ओझं बांधायला साखळी. मानवतच्या महारुद्र मिस्त्रीनं मला आणलं, तेव्हा आजूबाजूचे मिस्त्री बघायला आले होते. तोवर सगळे गाडीखाली उताणे पडून गिअरबॉक्स छातीवरच घ्यायचे आणि वर त्याची फुशारकी मारायचे.

मी आलो आणि महारुद्रची छाती सुटली. पण जित्याची खोड जाते थोडीच!

गेल्या खंडेनवमीला त्याच्या बायकोनं, राजेश्रीनं, सगळी अवजारं धुऊन पुजली. मला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. त्या दिवशी अवजाराला कामाला लावायचं नाही, असा रिवाज. मी सुखावलो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात चारठाण्याचे भगवानराव आले. त्यांच्या जीपच्या गिअरबॉक्सचे नट महारुद्रनं आदल्या दिवशीच ढिले करून ठेवले होते. दसऱ्याला सवाऱ्या न्यायच्या म्हणून त्यांनी गळ घातली.

"बॉक्स तेवढा उतरून ठेवतो," म्हणत महारुद्र जीपखाली शिरला.

"अवो, जॅक घ्या की," राजेश्री म्हणाली.

"आज त्याला इसावा हाय. छाती काय अवजार हाय व्हय?"

ढिले नट त्यानं बोटांनीच काढले. बॉक्सचं पुढचं टोक वर अडकलं आणि मागचं धाडकन छातीवर बसलं. त्याला ना ढकलता येई, ना ओरडता येई. आणि मी हातभर अंतरावर हार घालून उभा! लय जीव जळाला माझा.

राजेश्रीनं मला ओढलं, तर हारच चाकात गुंतला. तिनं तो दातांनी तोडला, मला बॉक्सखाली सारलं आणि माझा दांडा खालीवर मारत सुटली. ओझं माझ्या ताटलीवर आलं, तेव्हा भगवानरावांनी महारुद्रला पाय धरून बाहेर ओढलं.

बरगड्या मोडल्या होत्या. अजून त्याला धाप लागते. तो खुर्चीवर बसून सांगतो आणि दुसरे खाली शिरतात. त्याला असं बसलेलं मला बघवत नाही.

मित्रांनो, आम्हाला हार नसला तरी चालेल. चाकाला तेल घाला, साखळी आवळा आणि ओझं आमच्यावर टाका. आमचा जन्मच त्यासाठी आहे.

यंदा राजेश्रीनं मला नुसतं कुंकू लावलं. मग वळून तेच बोट महारुद्रच्या छातीला टेकवलं.

"ही बी अवजारच हाय," ती म्हणाली. "आता हिला इसावा द्या."